धाकली नही शे ती

माझ्या उजव्या हाताला माझ्या आईने जितकं तेल चोळलं, तितकं हळदीच्या नवरीलाही कुणी चोळत नसेल. मोहाच्या बियांचं घट्ट, कडवट वासाचं तेल. ते निखाऱ्याजवळ ठेवून पातळ करायची आणि माझा दंड धरून खांद्यापासून बोटांपर्यंत ओढत न्यायची. हात लांब व्हावा म्हणून. आमच्या पाड्यावरच्या शाळेत तेव्हा पोराचं वय काढायची एकच रीत होती. गुरुजी पोराला उभं करायचे आणि सांगायचे, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धर. कान हाताला लागला तर पोर सहा वर्षांचं झालं, पहिलीत बस. नाही लागला तर घरी जा, शेळ्या वळ, पुढल्या वर्षी ये. माझ्या बरोबरीच्या पोरींचे कान लागले आणि मी उभी राहिले डोक्यावर हात ठेवून, जशी काही डोईवर अदृश्य टोपली सावरते आहे. गुरुजी भले माणूस. ते हसून म्हणाले, "लहान आहे अजून." माझ्या आईला ते फार लागलं. सगळ्या पाड्यासमोर आपली पोर कमी भरली, असं तिला वाटलं. मग वर्षभर तेल. पुढल्या जूनला ती माझ्या मागे अशी चिकटून उभी राहिली, की गुरुजींनी खाली पाहिलं तेव्हा तिने माझं डोकं हळूच उजव्या खांद्याकडे कलतं केलं. बोटाचं टोक कानाच्या पाळीला लागलं. गुरुजींनी सहा वर्षं लिहिली आणि आमच्या अख्ख्या वर्गाला दिली तीच तारीख मलाही दिली, एक जून. घरी येताना आई रस्त्याने एकटीच हसत होती. अशी मी कागदावर माझ्यापेक्षा मोठी झाले. आता लिहिताना मलाही हसू येतं, पण ते फार वेळ टिकत नाही.

आमचा पाडा सातपुड्याच्या अगदी पायाशी, शिरपूरच्या बाजूला. घरात आम्ही जे बोलायचो ते डोंगरातलं बोलणं. बाजारात आणि रस्त्यावर खान्देशी. इथे मी आईचं बोलणं खान्देशीतच लिहिते आहे, म्हणजे चार माणसांना कळेल. बा वर्षातले बरेच महिने घरी नसायचा. रावेरकडे केळीच्या तोडणीवर जायचा, ट्रक भरायचा, आणि आला की खांद्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग घेऊन यायचा; ते शेवटपर्यंत कपड्यावरून गेले नाहीत. शेतीचा तुकडा होता, पण तो पावसाच्या मर्जीवर. खरं घर आईवर चालायचं. उन्हाळ्याच्या तोंडाला मोहाची फुलं पडायला लागली की ती उजाडायच्या आधी मला उठवायची. झाडाखाली फुलं टपटपत असायची, आणि शेळ्या आमच्या आधी पोचू नयेत म्हणून आम्ही जवळजवळ पळत जायचो. तो वास आजही कुठे आला तर मला आधी झोप येते आणि मग भूक लागते. फुलं अंगणात वाळत टाकायची, दिवसभर कोंबड्या हाकलायच्या. संध्याकाळी ज्वारीची भाकरी, लसूण-मिरचीचा ठेचा आणि कधी उडदाचं घट्ट वरण. आई भाकरी थापताना तिच्या हातातल्या बांगड्या एका ठरलेल्या तालावर वाजायच्या. ताल बदलला की आम्ही ओळखायचो, पीठ संपत आलं आहे.

आईला मोजता यायचं नाही असं नाही. बाजारात तिला कुणी फसवून दाखवावं. पण वय ही गोष्ट तिच्या लेखी मोजायची नव्हतीच, ती सांगायची होती, आणि समोरचा कोण आहे ते बघून सांगायची होती. कारण आमच्या आयुष्यात हा प्रश्न नेहमी दारावर उभं राहून विचारला जायचा, आणि दार उघडणं त्या उत्तरावर असायचं. केळीच्या तोडणीचा मुकादम गाडीत बसवताना विचारायचा, "ही केवढी? पोरं नकोत मला, काम होत नाही." रस्त्याच्या कामावरचा माणूस विचारायचा. पुढे मी शिकायला गेले, त्या धुळ्याच्या वसतिगृहातल्या बाईंनीही विचारलं, "इतकी लहान कशी राहील आईविना?" दर वेळी लहान ठरलं की दार बंद. कुणी मोठं आहे म्हणून परत गेलेलं माझ्या आईने जन्मात पाहिलं नव्हतं. म्हणून तिचं उत्तर ठरलेलं होतं. पदर खोचून, मान थोडी वर करून ती सांगायची, "धाकली नही शे ती." आणि वर एक-दोन वर्षं चढवून द्यायची, भाजीवाली वर मूठभर मिरच्या टाकते तशी.

वसतिगृहात मला फुटबॉल भेटला, म्हणजे नाना भेटले. नाना भुसावळचे, रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यावर मुलीकडे धुळ्याला राहायला आले आणि घरात बसवेना म्हणून आमच्या मैदानावर येऊ लागले. तरुणपणी ते रेल्वेच्या संघातून खेळायचे. गार्डाची शिट्टी त्यांच्याजवळ होती. ती एकदा वाजली की आम्ही सगळ्याजणी गाडी सुटल्यासारख्या धावायचो. आधी आम्ही अनवाणीच खेळायचो, आणि मला तेच बरं वाटायचं. बूट घातल्यावर पहिले काही दिवस मला चेंडू कुठे आहे तेच कळेना. मी मागे खेळायचे, बचावात. दिसायला काही सुंदर खेळ नव्हता माझा. माझ्यापाशी चेंडू घेऊन कुणी आलं आणि मला ओलांडून जाऊ लागलं की मला राग यायचा, आणि तो राग पायात उतरायचा. नाना म्हणायचे, "हिला काही शिकवू नका. फक्त हिच्या अंगावर कुणाला तरी सोडत जा." आईच्या शेळ्या मोहाखालून हाकलण्यातच माझा अर्धा सराव झाला होता, हे मी त्यांना सांगितलं नाही.

जिल्ह्याच्या संघातून राज्याच्या संघात गेले, आणि तिथून एके दिवशी नाना सायकल न टेकवता, ती तशीच आडवी टाकून धावत आत आले. भारत, नेपाळ, भूतान, बांगलादेश अशा शेजारच्या देशांच्या पंधरा वर्षांखालच्या मुलींची स्पर्धा होती, त्या वर्षी नेपाळात. तिच्यासाठी देशाचं सराव शिबिर लागणार होतं आणि त्यात माझं नाव आलं होतं. नानांना बोलताना दम लागत होता. मला खरं सांगायचं तर देशबिश काही कळलं नाही. मला एवढंच कळलं, की दहावी झाली की बा मला मुकादमाच्या गाडीत बसवणार होता, आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न होणार होतं. मुलगा ठरल्यातच जमा होता. नानांनी आईला आणि बाला बसवून नीट समजावलं. देशाची जर्सी घालून एकदा ही पोर मैदानात उतरली, की पुढे खेळाडूंच्या वसतिगृहात राहील, शिकेल, आणि मोठी झाली की रेल्वेत खेळाडूंच्या जागांवर लागेल. एकदाच उतरायचं होतं. बा म्हणाला, "मंग लगीन थांबाडूत." मला वाटतं माझ्या बापाने मला दिलेली ती सर्वांत मोठी गोष्ट होती.

नाना मला दोंडाईच्याहून गाडीत बसवून सोबत येणार होते. आई स्टेशनपर्यंत आली. तिने रेल्वे आधी पाहिली होती, पण इतक्या जवळून नाही. मालगाडी धडधडत गेली तेव्हा तिने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. तिने भाकरी, ठेचा आणि मोहफुलांचे लाडू एका फडक्यात बांधून आणले होते, आणि माझे केस असे काही ओढून विंचरले होते की डोळे तिरके झाले. गाडी यायला वेळ होता. ती नानांच्या बाजूला सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "नाना, धाकली म्हनीसन परत तर नही धाडाव?"

नाना हसले. "नाही हो अक्का. वय तेवढं बघतील, बाकी तिच्या खेळाला तोड नाही."

वय बघतील. नाना बिचारे सहज बोलून गेले. त्यांना वाटलं वयाची अट कोणती, हे सगळ्या जगाला ठाऊक असतं. आईने मान डोलावली. तिला तिचं उत्तर मिळालं होतं. मी त्या दोघांच्या मध्ये उभी होते आणि माझं सगळं लक्ष समोरच्या वडेवाल्याकडे होतं.

शिबिराबद्दल मी फार लिहू शकेन, पण लिहावंसं वाटत नाही. जिथे आपण सुखात होतो आणि जिथून आपल्याला काढलं ती जागा एकच असली की आठवणींना हात लावताना भाजतं. तरी एक-दोन गोष्टी सांगते. तिथे सकाळी प्रत्येकीला मोजून केळं मिळायचं, त्याच्याबरोबर अंडी. माझ्या बापाने आयुष्यभर केळीचे घड वाहिले आणि आमच्या घरी यायची ती ट्रकमधून बाद झालेली, डागी, काळी पडलेली. इथे पिवळंधमक, गोल कागदी शिक्का लावलेलं केळं ताटलीत ठेवलेलं. पहिल्या दिवशी मी ते खाल्लंच नाही, बासाठी ठेवलं. चौथ्या दिवशी ते पिशवीत गळून गेलं आणि खोलीतल्या पोरींनी नाक दाबून मला हसून घेतलं. मणिपूरच्या, झारखंडच्या, तमिळनाडूच्या पोरी होत्या. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती, पण मैदानात कुणाला काही अडत नसे. गवत होतं. खरं, हिरवं, पाणी घातलेलं गवत, आणि त्यावर घसरून चेंडू काढला तरी गुडघा सोलत नाही हे मला तिथे कळलं. मी दर दुपारी कारण नसताना घसरून बघायचे. शिबिराची व्यवस्था बघणाऱ्या मॅडम पुण्याच्या होत्या. मराठी बोलणारी म्हणून त्या माझ्याशी जरा जास्त बोलायच्या. त्यांनी मला एकदा हळूच सांगितलं, "तू आहेस संघात, असं समज. फक्त तपासण्या होऊ देत." त्या दिवशी मी रात्रीचं जेवण दोनदा घेतलं.

तपासणी म्हणजे मनगटाचा फोटो. लहान वयाच्या स्पर्धेत मोठ्या मुली घुसवतात म्हणून मनगटाच्या हाडांवरून वय बघायचं असतं. हाडांच्या टोकांमधली फट मिटली असेल तर मूल मोठं झालं, असा त्याचा हिशेब. पुन्हा माझा हातच. सगळ्याजणींचे फोटो निघाले, आणि माझा काही नीट बोलेना. डॉक्टर म्हणाले, फट आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही. चौदाची असू शकते, पंधरा उलटूनही गेली असतील. लहानपणापासून ओझी उचललेल्या हातांचं काय होतं ते मला ठाऊक नाही, मी डॉक्टर नाही. मला मॅडमच्या खोलीत बोलावलं. डॉक्टर होते, आणि निवड समितीतले एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ होते. ते मॅडमना म्हणाले, "शाळेचा कागद आहे, पण या भागातले कागद तुम्हाला माहीतच आहेत. घरी विचारा. आईला माहीत असतं. आई चौदा म्हणाली तर माझी हरकत नाही." त्यांच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. उलट त्यांनी मला दार उघडून दिलं होतं, एवढंच की उत्तर आईने द्यायचं होतं.

आमच्या घरी फोन नव्हता. रस्त्यावर किराणा दुकान होतं, तिथल्या शेठच्या मोबाइलला तेवढी रेंज यायची. मॅडमनी तिथे फोन लावला, शेठने पोरगं धाडून आईला बोलावून घेतलं, आणि आम्ही थांबलो. मॅडमनी मला बजावलं, तू मध्ये बोलायचं नाहीस, नाहीतर आम्ही पढवलं असं होईल. फोन त्यांनी सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. त्यातून आधी एका शेळीचं ओरडणं आलं, मग पुष्कळ माणसांची कुजबुज, म्हणजे अर्धा पाडा आईबरोबर आला होता, आणि मग आईचा धापा टाकणारा आवाज.

"नमस्कार ताई," मॅडम म्हणाल्या. "घाबरू नका, तुमची मुलगी बरी आहे. छान खेळते. फक्त एक विचारायचं होतं. तिचं वय किती आहे?"

फोनमधली कुजबुज थांबली. मला इतक्या दुरून दिसलं, की आईने पदर खोचला असणार आणि मान वर केली असणार.

"मोठी शे ती मॅडम," आई म्हणाली. "पंधरा पुरा व्हई गयात. सोळावं लागनं."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्या फोनजवळ वाकल्या आणि लहान मुलाला समजवावं तशा आवाजात म्हणाल्या, "ताई, नीट आठवून सांगा हं. घाई नाही. शाळेच्या कागदावर चौदा आहे. चौदाच असेल ना?"

आता मॅडमचा हेतू कुणालाही कळला असता. पण माझ्या आईला तो कळणार कसा? तिने आयुष्यभर असेच गोड बोलणारे मुकादम पाहिले होते, जे पोराला आधी लहान ठरवायचे आणि मग गाडीतून उतरवायचे. मॅडमनी चौदा म्हटलं आणि आईला वाटलं, ही बाई माझ्या पोरीला कमी भरवते आहे.

"तो कागद गुरुजीना शे," ती म्हणाली. "गुरुजीले काय मालूम? जनम मी दिधा तिले. चौदानी नही, नही. धाकली नही शे ती. दोन हंडा डोकावर लई येस. बठ्ठं काम करस. तुम्ही देखा तरी तिले काही उचलाले लाईसन."

"मग पंधरा पूर्ण झालीत, असंच म्हणता?"

"पंधरा कसाले? सोळाच लिखा. वाटनं ते सतरा लिखा."

मी "माय" म्हटलं. फार मोठ्याने नाही, तोंडातून निघून गेलं. मॅडमनी मान हलवली. पण आईला ऐकू गेलं होतं, आणि तिचा आवाज एकदम बदलला, घरातला झाला. "तठेच शे का ती? बेटा, जेवस-खास का चांगलं? खेळ वं चांगलं. भिऊ नको, मी सांगी दिधं यासले." मागे कुणीतरी आनंदाने काहीतरी ओरडलं. मॅडमनी फोन बंद केला.

पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. डॉक्टर खिडकीकडे बघत राहिले. तिघांनीही ते आपल्या कानांनी ऐकलं होतं. मला त्या क्षणी माझ्या आईचा इतका राग आला, की ती समोर असती तर मी तिच्या अंगावर धावून गेले असते. मला पार करून जाणाऱ्या कुठल्याही पोरीवर मी इतकी चिडले नव्हते. मग मी खोलीत जाऊन पिशवी भरायला लागले आणि तळाशी ते फडकं सापडलं, ज्यात तिने लाडू बांधून दिले होते, आणि राग टिकेना. राग टिकला असता तर बरं झालं असतं. रागाला धरून माणूस जगू शकतं.

नाना घ्यायला आले. गाडीत त्यांनी मला सगळं विचारून घेतलं आणि स्वतःचंच कपाळ हाताच्या मुठीने दोन-तीनदा बडवलं. समोरची माणसं बघायला लागली. "मीच सांगायला हवं होतं तिला," ते म्हणाले. "दोंडाईच्याला उभं राहून मी काय बडबडलो." नंतर कितीतरी वेळाने ते म्हणाले, "पोरी, आईला हे सांगू नको. तिला कळून आता बदलणार काही नाही. उगाच जन्मभर जळत राहील." मी हो म्हटलं. त्या वयात मला ते शहाणपणाचं वाटलं होतं. आज त्या वयाच्या पोरींना मी स्वतः शिकवते, आणि मला अजून ठरवता येत नाही की ते शहाणपण होतं की नव्हतं.

घरी आले तेव्हा आईने एकच प्रश्न विचारला, "काय म्हनतस ते?" मी म्हटलं, नाही घेतलं. तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं आणि म्हणाली, "धाकली म्हनीसन?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता तिनेच ते ठरवून टाकलं. पाड्यावरही तेच सांगितलं: पोर खेळाले चांगली शे, पण अंगावर धाकली दिखस, मी फोनवर इतलं सांगं तरी त्यासनी ऐकं नही. दुसऱ्या दिवसापासून शेळीचं दूध माझ्यासाठी राखून ठेवायला लागली. धाकट्या भावाने हात लावला तर त्याला चिमटा. रोज संध्याकाळी पितळी पेला माझ्यापुढे ठेवायची आणि म्हणायची, "पी. पुढला साल मोठी व्हई जाशी, मंग देखूत कोन परत धाडस." मी ते दूध प्यायचे. माझ्या आयुष्यात मी गिळलेली सगळ्यात जड गोष्ट ती होती. वय चोरणारी म्हणून माझ्या नावावर एकदा शेरा बसल्यावर लहान वयाच्या कुठल्याच संघाचं दार उघडणार नव्हतं, आणि मोठ्यांच्या संघापर्यंत पोचायला आमच्याकडे ना मैदान होतं ना वेळ. पुढला साल नव्हताच.

पाड्यातल्या एका पोराचा जन्म माझ्याच आठवड्यातला, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या सुमारास. पण त्याच्या आईला त्रास झाला म्हणून तो शिरपूरच्या दवाखान्यात झाला आणि त्याची तारीख पक्की होती. पुढे केव्हातरी मी ती त्याला विचारली. मी त्या शिबिरात होते तेव्हा चौदाचीसुद्धा झाले नव्हते.

स्पर्धा सुरू झाली तोवर मी वसतिगृहात परतले होते. नानांनी आम्हा पोरींना त्यांच्या मोबाइलवर पहिला सामना दाखवला. एवढासा पडदा आणि भोवती सगळ्यांची डोकी. निळ्या जर्सी घालून त्या पोरी ओळीत उभ्या होत्या, छातीवर हात ठेवून, आणि माझ्या जागी जी उभी होती ती माझ्याच खोलीत झोपायची. मी सडवलेल्या केळ्याला सगळ्यात जास्त तीच हसली होती. आपण हरावं असं मला वाटलं. मनापासून वाटलं. आपण जिंकलो. सगळ्या पोरी ओरडल्या, मीही ओरडले, आणि मग मोरीत जाऊन भांडी घासत बसले. पुढचे सामने मी बघितले नाहीत.

दहावी झाली आणि बाने लग्न आणखी थांबवलं नाही. त्याचंही बरोबर होतं, कशासाठी थांबवायचं? केळीच्या तोडणीवर मी काही वर्षं गेले. नंतर बाहेरून शिकले, आज आश्रमशाळेत मराठी शिकवते. माझं बरं चाललं आहे, असं लोक म्हणतात. आमच्या शाळेत फुटबॉलचा संघ आहे. म्हणजे कपाटात चेंडू आहे, त्यात हवा नाही. पोरी मला कधी विचारतात, बाई तुम्ही खेळायच्या ना? मी सांगते, थोडंफार. नाना गेले त्याला बराच काळ लोटला. त्यांच्या त्या मैदानावर आता गाड्या उभ्या राहतात. गुडघे दुखतात ते मात्र खेळाडूसारखे.

आई माझ्यापाशीच असते. फार थकली आहे, दिसतं कमी, पण हात रिकामे ठेवत नाही. परवा दुपारी आम्ही दोघी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होतो. बाहेर रस्त्याने कुणाचीतरी पोरं शाळेतून ओरडत चालली होती. मध्येच ती म्हणाली, "ती फोनवरनी बाई जित्ती व्हई का वं?"

इतक्या वर्षांत तिने तो फोन कधी काढला नव्हता. मी म्हटलं, "असेल. का गं?"

"चांगली व्हती बिचारी. माले परत परत इचारे. तिना मनमा व्हतं तुले लेवानं." तिने हातातली शेंग चाचपून बघितली, किडकी निघाली, बाजूला टाकली. मला वाटलं, आज कळलं हिला. इतक्या वर्षांनी बसल्या बसल्या उमगलं. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "माय, जाऊ दे. तू बरोबरच सांगितलं होतंस."

"नही वं," आई म्हणाली. "मीच चुकनी. मी अठरा सांगाले पाहिजे व्हतं."